न वाजलेला हाली रुपया

देवावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची आहे. माणसांवर विश्वास टाकणं मात्र मला जमत नाही, आणि त्यात माझ्या नोकरीचाही दोष आहे. आमच्या जळकोटच्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. खिडकीसमोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याची नोट मी उजेडाकडे धरतेच. दहाची नाणी बाजारात कुणी घेत नाही, म्हणून लोक ती आमच्याकडं आणून ओततात. तीही मी उलटूनपालटून बघते. "वहिनी, आमी काय चोर हाव का?" असं कुणी चिडून विचारतं. मी सांगते, तुम्ही नसाल, तुम्हाला देणारा असेल.

एवढं सगळं तपासणाऱ्या माझ्या घरात, देवघरात, निजामाच्या काळातला एक हाली रुपया होता. महादेवाच्या पिंडीशेजारी छोट्या पितळी वाटीत तो असायचा. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला दुधानं धुऊन त्याच्यावरच्या चारमिनारला हळदकुंकू लावायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला हात जोडत आले. देवघरातली वस्तू तपासायची असते, हे माझ्या मनातही कधी आलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या ह्यांच्या छातीत चालताना दुखायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन लांबवू नका. खर्चाचा अंदाज ऐकून घरी आल्यावर मी ठेवी मोडून, सोनं मोडून काय जमतंय ते मांडून पाहिलं. कुठूनही मांडलं तरी कमीच पडत होतं. रोज देवासमोर बसायची, पण मनात जपाऐवजी बेरीज चाले. त्यात माझ्या नणंदेनं त्या रुपयाचा फोटो काढून फोनवर कुठल्यातरी जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत एका माणसाचा फोन आला.

"ताई, त्या सालाचा हाली रुपया लई शोधला, मिळत न्हाय. दीड लाख देतो. कुनाला देऊ नका."

चांदी म्हणून ज्याचे फार तर दीड-दोन हजार यावेत, त्याचे दीड लाख? मी लगेच विचारलं, आधी काही भरावं लागतं का? फोनवर असे पैसे उकळणारे मला ठाऊक होते. तो हसला. "न्हाय ओ, मीच रोख घिऊन येतो." यानं तर माझा संशय आणखी वाढला. रोख घेऊन घरी येणारा माणूस घरही बघून जातो. म्हणून मी त्याला घराचा पत्ता दिला नाही. श्रावणी सोमवारी आम्ही येडशीजवळच्या रामलिंगाला जातोच. तिथं ये म्हटलं. गर्दीत कुणी काही करू शकत नाही, हा माझा हिशोब.

अव्वांना विचारलं. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी त्यांनी चेहरा माझ्याकडं वळवला. मग म्हणाल्या, "पोराच्या जिवापुढं काय हाय? इकायचा तर इक. पर घेनाऱ्याला म्हनावं, नीट वाजवून घे." मला वाटलं, म्हातारीला वाईट वाटलंय, म्हणून तिरकं बोलतायत.

ह्यांनी पायऱ्या चढू-उतरू नयेत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हे ऐकेनात. "तू एकलीनं त्या मानसाला भेटायचं, अन् मी घरी बसू व्हय?" म्हणाले. एसटीनं गेलो, दरीतल्या देवळापर्यंत सावकाश उतरलो. तो माणूस आधीच येऊन थांबला होता. बोटांत चार अंगठ्या, गळ्यात जाड चेन, काळा चष्मा. मी मनात म्हटलं, झालं, सिनेमातलाच आला.

आम्ही देवळाच्या पायरीवर बसल्यावर त्यानं नाणं मागायच्या आधी पैशांचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. "देवाच्या दारात बसलोय, आधी तुमचं समाधान होऊ द्या." एवढा चांगुलपणा मला सहन झाला नाही. मी तिथंच बसल्या बसल्या एकेक नोट उजेडाला धरली. हे लाजून दुसरीकडं बघत होते. सगळ्या नोटा खऱ्या निघाल्या.

मग मी पिशवीतून रुपयाची लाल पुरचुंडी काढली. तेवढ्यात रामलिंगाच्या वानरांतलं एक थोराड वानर कठड्यावरून उतरलं आणि माझ्या हातातली पुरचुंडी घेऊन वर जाऊन बसलं. प्रसाद समजून त्यानं फडकं सोडलं, रुपया दातात धरून पाहिला आणि चवच आवडली नसावी तसा खाली भिरकावला. तो दगडी फरशीवर माझ्या पायाशी पडला.

चांदीचा रुपया दगडावर पडला की कसा आवाज येतो, हे मला सांगायला नको. तो आवाज आलाच नाही. वाळकं खोबरं पडावं तसा नुसता खट् झाला.

आजूबाजूला लोक हसत होते, तो माणूस वानराकडं बघून हसत होता. आवाज ऐकला होता फक्त मी. मी रुपया उचलला. दाताच्या खुणेत कथलासारखा मऊ करडा धातू दिसत होता. पाकीट अजून माझ्या मांडीवर होतं, त्यात खऱ्या नोटा होत्या, आणि शेजारी हे धापा टाकत होते. गाभाऱ्यात कुणीतरी घंटा वाजवली. मी पिंडीच्या दिशेनं बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटा आहे. घेऊ नका."

त्यानं चष्मा वर केला. रुपया घेऊन फरशीवर आपटून पाहिला, मला परत दिला आणि आपलं पाकीट घेतलं. "ताई, तुमी माझ्या नोटा बघितल्या तवा मला राग आलता," तो म्हणाला. "आता न्हाय."

वर चढताना अर्ध्या वाटेवर हे छाती धरून खाली बसले. मी हाका मारत होते. खालून तोच माणूस धावत आला, ह्यांना अक्षरशः पाठीवर घेऊन वर गेला आणि त्यानं ह्यांना स्वतःच्या गाडीत घातलं. गाडी धाराशिवच्या रस्त्याला लागली. खरं सांगते, त्या वेळीही माझा संशय गेला नव्हता. बसण्याआधी मी गाडीच्या पाटीचा फोटो काढून नणंदेला पाठवला होता. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "मागची पाटी चिखलानं भरलीय, ताई. नंबर वाचता न्हाय आला तर सांगतो." एवढ्या दुखण्यात हेही हसले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पुढं दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं सरकारी योजनेत ऑपरेशन बसलं. थोडं सोनं गहाण ठेवावं लागलं, एवढंच. ज्या रकमेसाठी मी देवघरातला रुपया बाहेर काढला होता, ती लागलीच नाही. तो माणूस ह्यांना आत घेईपर्यंत थांबला होता. मी पेट्रोलचे पैसे पुढं केले, तर हात जोडून निघून गेला.

ह्यांना घरी आणल्यावर मी अव्वांजवळ बसून घाबरत सांगितलं, "अव्वा, आपला रुपया खोटा निघाला."

"ठावं हाय की," अव्वा म्हणाल्या.

माझ्या आजेसासऱ्यांना तो नळदुर्गच्या बाजारात कुणीतरी मिरच्यांच्या बदल्यात दिला होता. घरी आल्यावर वाजवून पाहिला तर खोटा. तेव्हा रुपया म्हणजे केवढा! लोक म्हणाले, अंधारात कुणाच्या तरी हातात सरकवा. "मामंजी म्हनले, म्या फसलो ते बास झालं. ह्याला देवापुढं ठिवा. तितं त्यो कुनालाच फसवनार न्हाय."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"वाजवून घे म्हनलं व्हतं की. अन् पोरी, तू समद्यालाच वाजवून बघतीस. म्हनलं, एक तरी राहू दे."

त्या वानराला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही. गर्दीच्या दिवशी तिथली वानरं पिशव्या ओढतातच. पण खोटं समोरच्याच्या पाकिटात शोधत बसले होते, ते माझ्या पुरचुंडीत निघालं. आणि ज्याच्या गाडीचा नंबर मी टिपून ठेवला, त्याच्याच पाठीवरून माझं कुंकू वर आलं, एवढं मला विसरता येत नाही.

रुपया पुन्हा पिंडीशेजारच्या वाटीत आहे. वानराच्या दाताची खूण चारमिनारच्या अगदी कडेला आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला कुंकू तिथंही लावलं. खिडकीत मी अजून नोटा उजेडाला धरते, ती माझी नोकरी आहे. देवघरात बसले की मात्र काही तपासत नाही. त्या वाटीतल्या रुपयाला देवानं इतकी वर्षं न वाजवता जवळ ठेवून घेतलं. मलाही तसंच ठेवून घेतलं असेल, असं वाटतं, आणि मग जप सुरू करायला वेळ लागतो.