कबरीवरचं कमळ

बडोद्यातल्या जुन्या दफनभूमीत गिरणीच्या यंत्राचा शोध लावणाऱ्या एका साहेबाची कबर आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी तीच निवडली होती. पण दोन कबरींवरची नावं झिजून गेली होती. त्याची नेमकी कोणती, हे मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे चुकण्याची फार भीती वाटायची.

बाबा कारखान्यात फिटर. दसऱ्याला यंत्रांची पूजा आटोपून ते मला मांजलपूरहून स्कूटरवर तिथे घेऊन गेले. माझ्या वहीतलं ‘एका कबरीवर कमळ कोरलं आहे’ हे वाक्य वाचून त्यांना हसूच आलं.

“अगं, कमळाला मधे भोक असतं का? आणि दांड्यावर पक्कं बसवायची ही चावीची खाच बघ. गिअर आहे हा! रोज हाताळतो मी.”

मी दगडावरून बोट फिरवलं. खरंच, दाते होते! सापडली, सापडली म्हणत मी उड्याच मारल्या. पूजेतली उरलेली झेंडूची माळ बाबांनी त्या गिअरवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं ऐकून सरांनी विचारलं, “हा गिअर आहे हे ओळखलं कुणी?”

मी मोठ्याने म्हणाले, “माझ्या बाबांनी. ते फिटर आहेत.”