बावीस दोऱ्या

सोनी,

मी पाड्यावरून निघाले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तापानं फणफणत होतीस, त्यामुळे तुला यातलं काही आठवत नसणार. मिशनच्या जीपमध्ये, गाद्यांच्या वळकट्या आणि मिशनच्या मडमबाईंच्या पेटाऱ्याच्या मधे, मी अंग चोरून बसले होते. वरून ताडपत्री. आमच्या खाचराजवळून जीप गेली तेव्हा फटीतून आई दिसली. पेरणीआधी राब भाजण्यासाठी ती जमिनीवर पालापाचोळा रचत होती. एवढा जीपचा आवाज, पाड्यावरची कुत्रीसुद्धा मागे धावली, पण आईनं मान वर केली नाही. आदल्या दिवशीच तिनं बजावलं होतं, "मी बघन नाय. तू पण बघू नको. कोणाला वाटाया नको का तू पळतेस." मी मात्र बघितलं. तिची वाकलेली पाठ तेवढी दिसली.

आता तुझ्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं आलंय. "मंजूमावशी, आता तरी पाड्यावर ये," असं तू मास्तरांकडून लिहून घेतलंस. आठ दिवस ते पत्र मी उशाखाली ठेवलंय. मी इथे नाशकात मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस आहे, इन्स्पेक्टरला दोन शब्द सुनावते, आणि आपल्या पाड्याचं, सूर्यमाळचं, नाव वाचलं की माझे तळहात ओले होतात. म्हणून उत्तर देण्याआधी सगळं सांगते.

माझे बाबा जव्हारला संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. त्यामुळे मी जव्हारच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकले. संस्थान विलीन झालं, बाबांचा पट्टा गेला, आणि आम्ही पाड्यावर परत आलो. वर्षाच्या आत बाबा गेले. राहिलो मी आणि आई. विधवा बाई, जवळ शिकलेली पोरगी, आणि भाऊबंद कुणी नाही. पाड्यावर अशा घराकडे लोक कसे बघतात ते तुला सांगायला नको.

मी सतरा वर्षांची असताना पाद्रीसाहेब आणि त्यांची बायको रूथबाई पाड्यावर आले. त्यांच्या देशातल्या चर्चनं त्यांना हिवाळा ते उन्हाळा एवढ्यापुरतं पाठवलं होतं, पोरांना इंग्रजी शिकवायला. बाईंचं मराठी पुस्तकातलं, पोरांची बोली निराळी, म्हणून मधे मी. बाई नाकाला बोट लावून "नोज" म्हणायच्या आणि तुम्ही बावीस पोरं शेंबूड पुसत "नोज" ओरडायचात. सर्वांत मोठा आवाज तुझा. तुझी आई जानकी माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण, कुडाच्या पलीकडून "बघ माझी सोनी मडम झाली," म्हणून हसायची.

त्यांना जायला पंधरा दिवस उरले. प्रत्येक पोराला जाताना नवा कपडा द्यायचा असं बाईंच्या मनात आलं. पण शिंपी जव्हारला आणि पोरं सूर्यमाळला. म्हणून त्यांनी युक्ती काढली. एकेका पोराची उंची दोरीनं घ्यायची, दोरीला नावाची चिठ्ठी बांधायची, आणि दोऱ्या शिंप्याकडे पाठवायच्या. तुम्ही उभे राहिलात तर चुळबुळ करायचात, म्हणून बाई म्हणाल्या, चटईवर झोपवा.

माझ्या हातात दोरीचं टोक होतं. आपल्यात आडव्या माणसाचं माप दोरीनं कधी घेतात हे मला ठाऊक होतं. तिरडीचे बांबू तोडायच्या आधी. बाबांचं माप घेतलेलं मी पाहिलं होतं. बाईंना ते ठाऊक नव्हतं, त्यांचा दोष नाही. मला ठाऊक होतं. एका शब्दानं मी त्यांना थांबवू शकले असते. पण पाच बुकं शिकले होते ना! असल्या अडाणी गोष्टी मडमेला कशाला सांगायच्या, ती आपल्याला हसेल, असं मला वाटलं. मी बावीस पोरांना आडवं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत बावीस दोऱ्या ताणल्या. तू तर गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होतीस.

तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला.

चौथ्या दिवशी शाळेत सात पोरं आली, पाचव्या दिवशी एकही नाही. बाईंनी विचारलं, "मंजुळा, मुले का येत नाहीत?" मी म्हणाले, मोहाची फुलं वेचायला गेलीत. पाद्रीसाहेब तापावरचं कोयनेल घेऊन तुमच्या दारी गेले तर तुझ्या बापानं दार लावून घेतलं. विहिरीवर मी गेले की बाया हंडे अर्धे भरूनच उचलायच्या. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग कळलं की रविवारी भगत सुपात तांदूळ टाकून पोरांवर करणी कुणाची ते बघणार आहे. कुणाचं नाव निघणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरलेल्या बाईचं काय करतात ते मी लहानपणी शेजारच्या पाड्यावर पाहिलंय. ते मी लिहीत नाही.

आई चुलीपुढे बसून म्हणाली, "मंजे, तू त्या बाईसंगं जाय."

"आणि तू?"

"मला कोण काय करतंय? म्हातारी मी." ती चाळीस वर्षांचीसुद्धा नव्हती.

मी तिला ओढून नेऊ शकले असते. पण ती म्हणाली, दोघी गेलो तर पाप केलं म्हणून पळाल्या असंच ठरंल. मला तेच हवं होतं बहुतेक, कुणीतरी समजूत घालायला. मी घाबरले होते गं. रूथबाईंना म्हणाले, मला पुढे शिकायचंय, मला न्या. त्यांना वाटलं देवानं माझ्या मनात प्रेरणा घातली. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आनंदानं रडल्या. मी मान खाली घालून जीपचा विचार करत होते. कपड्यांचं गाठोडं जव्हारहून आलं होतं, ते शाळेतच पडून राहिलं.

त्यांनी मला नाशकाच्या हॉस्टेलमध्ये सोडलं आणि ती दोघं मुंबईला बोटीवर गेली. हॉस्टेलमध्ये नळ होता, लोखंडी खाट होती, सकाळी चहा आणि ब्रेड. कुणी दार वाजवलं की मला वाटायचं पाड्यावरचा माणूस आला. चार महिन्यांनी पाड्याच्या चढणीखालच्या खोडाळ्याच्या मास्तरांचं कार्ड आलं तेव्हा कळलं. भगतानं तांदूळ टाकायच्या आधीच आई पुढे झाली होती. "पोरीला मी सांगलेलं दोरी धराया. तिला काय ठावं?" म्हणाली. तिला मारलं नाही, पण घर ओहळापलीकडे काढायला लावलं. कुणी तिच्या घरचा विस्तव घ्यायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही. जानकीनंसुद्धा नाही. आणि तू बरी झालीस. त्यानं आईवर शिक्कामोर्तबच झालं. भुताळीचं नाव निघालं म्हणून पोर वाचली, असं लोक म्हणाले. तू वाचलीस ते कळून मी रडले, आणि तू वाचलीस याचा मला रागही आला. दोन्ही खरं आहे.

पुढे मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. आईला मास्तरांकरवी निरोप धाडला, नाशकाला ये. ती आली नाही. तिचं खाचर होतं, बाबांची जागा होती. मला मात्र पाड्यावर येऊ देईना. "तू आलीस का परत सगळं उकरतील." मग आम्ही एक रीत पाडली. दर उन्हाळ्यात मी खोडाळ्याच्या बाजारात जायची, डोक्यावरून पदर घेऊन. ती करवंदांची पाटी घेऊन बसलेली असायची. मी गिऱ्हाइकासारखी पुढ्यात बसायची आणि एकेक करवंद निवडायची, जितका वेळ काढता येईल तितका. ती दुसरीकडे बघत म्हणायची, "बाय, वाळलीस. जेवतेस का नाय?" मीही पाटीतच बघून बोलायची. पाड्यावरचं कुणी दिसलं की ती मोठ्यांदा म्हणायची, "घ्याचं तं घे, नाय तं उठ." मी उठायची. आठ उन्हाळे माझं माहेर तेवढंच होतं. नवव्या उन्हाळ्यात तिथे दुसरीच बाई बसली होती आणि मला कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

तू लिहिलंस, आता तसं काही राहिलं नाही, लोक विसरले. असेल. मी विसरले नाही, आणि मला अजून भीती वाटते, हे तुला सांगायला मी लाजत नाही. लग्नाला पाड्यावर येववेल की नाही, मला ठाऊक नाही. खोडाळ्यापर्यंत येते. हळदीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, आई बसायची त्या जागी मी उभी असेन. तू ये, पोरालाही आण. आणि सोनी, लांबूनच, भर बाजारात, सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशी मला नावानं हाक मार. तुझ्या हाकेला ओ देता आली, तर पुढची चढण मी चढेन.