हमझाच्या बोटीला ट्रकचं इंजिन

अब्दुल्ला नाखव्याला इंजिनाची एकच परीक्षा ठाऊक होती. होडीत इंजिन बसवलं की होडी धक्क्याच्या खुंट्याला जाड दोराने बांधायची आणि इंजिन पुरतं पिळायचं. दोर करकरला, खुंटा हलला, की इंजिन पास. बेलापूरच्या रेतीबंदरावर निम्म्या होड्यांना त्याने मोडीतल्या ट्रकची इंजिनं अशीच तपासून बसवलेली होती, त्यामुळे त्याला खोडून काढणारं तिथे कुणी नव्हतं. चार माणसांना उचलता येतं त्याला तो इंजिन म्हणतच नसे, शिलाई मशीन म्हणत असे.

हा माणूस बोलायला तिखट, पण आतून लोण्याचा. बाप लवकर गेला तेव्हा धाकटा भाऊ हमझा अजून चड्डीत होता. अब्दुल्ला आणि त्याची बायको जाहिदा यांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. मोठा झाल्यावर हमझा कुवेतला गेला. तिथे समुद्रकाठच्या एका क्लबात तो बोट चालवायचा आणि साहेबलोकांना पाण्यावरून घसरायला शिकवायचा. पायांना फळ्या बांधायच्या, बोटीमागचा दोर धरायचा आणि बोट सुसाट निघाली की पाण्यावर ताठ उभं राहायचं. नव्वद साली तिकडे लढाई पेटली आणि पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आला.

अब्दुल्लाला त्या लढाईचं दुःख झालं असं कुणी म्हणू नये. भाऊ परत आला, रेतीच्या होडीवर आपल्या हाताखाली उभा राहिला, त्याला आणखी काय हवं होतं? हमझा काम चोख करायचा. पण पाहुणा घरात जसा वावरतो तसा वावरायचा, आणि हे अब्दुल्ला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मग शहाण्णवच्या दिवाळीनंतर हमझाने मुंबईच्या एका क्लबाने भंगारात काढलेली फायबरची जुनी बोट आणली. लांबट, बुटकी, त्याच फळ्यांच्या खेळासाठी बांधलेली. तिचं अमेरिकन इंजिन खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेलं होतं आणि त्याचे भाग इथे मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. गोव्याच्या एका हॉटेलवाल्याने हमझाला सांगितलं होतं, माणूस ओढून दाखवणारी बोट आण, बोटीसकट तुला कामावर घेतो.

"भाई, इंजिन तूच बसव," हमझा म्हणाला.

अब्दुल्लाने नाही म्हटलं नाही. कळंबोलीच्या यार्डातून त्याने ट्रकचं डिझेल इंजिन आणलं, उत्तमातलं उत्तम, आणि खाली सागाच्या जाड पट्ट्या टाकून ते बोटीच्या पोटात घट्ट बसवलं. खुंट्याला बांधून पिळलं तर खुंटाच वाकला. रेतीचा धंदा करणारा त्याचा दोस्त देवजी ठाकूर धक्क्यावरून म्हणाला, "ही बोट तं आख्खं बंदर ओढून नेल."

बंदर ओढलं असतंही कदाचित. पण दोर सोडून हमझाने बोट खाडीत घातली तेव्हा तिने नाक आभाळात केलं, बूड पाण्यात रुतवलं आणि गाभण म्हशीसारखी डुलत निघाली. हमझाने सगळा जोर लावला. मागे लाटा उठल्या, धूर झाला, पण बोट पाण्यावर चढेना. फळ्यांवरच्या माणसाला उभं करायचं तर बोटीने आधी स्वतः पाण्यावर चढून धावायला हवं. तिच्या अंगात ताकद भरपूर होती, तिला हलकेपणा हवा होता. धक्क्याला बांधलेल्या बोटीत हे कळणार कसं?

हमझा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने इंजिन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, "र्‍हाऊ दे भाई. उद्या रेतीवर येतो."

अब्दुल्लाच्या मनासारखं झालं होतं. भाऊ कुठे जात नव्हता. तरी दुपारी तो ताटातला भात नुसता चिवडत बसला. जाहिदा समोर बसून बोंबील साफ करत होती. वर न बघता तिने विचारलं, "तुमी त्याला इंजिन बसवून दिलंत का नांगर टाकलात?"

"मला काय म्हाईत ती चढनार नाय?"

"म्हाईत नव्हतं, खरं हाय. पन नाय चढली तवा तुमाला बरं वाटलं. मी धक्क्यावरच व्हते."

चोरी पकडली गेली होती. अब्दुल्ला हात धुऊन उठला आणि कळंबोलीला गेला.

पनवेलच्या कुणीतरी आखातातून आणलेली एक जपानी गाडी तिथे यार्डात चेपून पडली होती. मागचा भाग गेलेला, इंजिन शाबूत. पेट्रोलवर चालणारं, आटोपशीर. शिलाई मशीनच म्हणा ना. अब्दुल्लाने ते आणलं आणि आपलं लाडकं ट्रकचं इंजिन स्वतःच्या हाताने बाहेर काढलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो आणि हमझा त्या बोटीत वाकून होते. जपानी इंजिन जुन्याच्या उलट दिशेने फिरायचं, म्हणून पाण्यातला पंखाही उलट्या पात्यांचा घालावा लागला. इंजिन थंड ठेवायला खारं पाणी आत घ्यावं लागू नये म्हणून अब्दुल्लाने गोड्या पाण्याची बंद नळी बोटीच्या तळाखालून फिरवली, रेतीच्या होड्यांना फिरवायचा तशी. काम करताना दोघं भाऊ इतकं बोलले, जितकं सहा वर्षांत बोलले नव्हते. जाण्याबद्दल मात्र एकही शब्द नाही.

या वेळी खुंट्याला कुणी बांधलं नाही.

फळ्या हमझाच्या पायात, म्हणजे बोट अब्दुल्लाने चालवायची. "मागं बघायचं नाय, भाई," हमझाने बजावलं. "चालवनाऱ्याने पुढंच बघायचं. मागं बघायला दुसरं मानूस." देवजीने पोट दुखत असल्याचं सांगितलं. तेव्हा जाहिदा ओढणी खोचून अब्दुल्लाकडे पाठ करून बसली.

बोट सुटली. नाक वर गेलं, क्षणभर अडलं आणि मग आडवं झालं. खालचं पाणी एकदम कडक लागायला लागलं, डांबरी रस्त्यावर आल्यासारखं.

"उभा र्‍हायला," जाहिदा म्हणाली.

अब्दुल्लाला वळून बघावंसं वाटलं. आपण वाढवलेलं पोर पाण्यावर चालतंय आणि आपण समोरच्या चिखलाकडे बघत बसायचं, हा कसला न्याय? पण त्याने मान हलू दिली नाही.

"कसा दिसतो?"

"तुमी इतकी वर्सं पाह्यलाच नाय त्याला, असा दिसतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने खाडीच्या नावावर घातलं. उलव्याच्या बाजूने मोठा वळसा घेऊन बोट धक्क्यासमोर आली, आणि हातातला वेगाचा दांडा तसाच असताना इंजिनाचा आवाज एकाएकी हलका झाला. ओझं सुटलं होतं. जाहिदा काही सांगणार, त्याआधीच अब्दुल्ला म्हणाला, "सोडला ना त्याने दोर?"

"सोडला," ती म्हणाली. "आता बघा."