वानराच्या तोंडावरचे भाव

आमचे हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी फाटकातून आत आली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, हिचा क्लच गेला, हिचं बेअरिंग रडून राहिलं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, यांना इंजिनाच्या पोटातलं कळतं. बायकोच्या पोटातलं कळायला मात्र सोनोग्राफी लागली, आणि तीही मी एकटीच जाऊन करून आले.

पण ते पुढचं. आधी कॅमेऱ्याचं सांगते. हे रिटायर झाल्यावर पुण्याला असलेल्या आमच्या पोरानं त्यांना कॅमेरा घेऊन दिला. वडिलांनी दिवसभर घरात बसून आईचं डोकं खाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पहिले काही महिने यांनी आमच्या कळमनुरीतली एक शेळी सोडली नाही. मग मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "आता रंगीत बंद. फक्त काळा-पांढरा. अन् फक्त प्राणीसंग्रहालयातली जनावरं. त्यांच्या तोंडावरच्या भावना पकडायच्या."

"काळा-पांढरा काहून?" मी विचारलं.

"रंगानं नजर भटकती. भावना काळ्या-पांढऱ्यातच दिसती."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरं सांभाळलेली बाई. फळ्याकडं तोंड असलं तरी मागच्या बाकावर कोणाचं पोट खरं दुखतंय आणि कोण नाटक करतंय, हे मला कळायचं. मला हसू आवरेना. ज्या माणसाला लग्नापासून माझा राग कधी आला आणि कधी गेला याचा पत्ता लागला नाही, तो आता मगरीचं मन वाचायला निघाला होता.

आमच्या जिल्ह्यात प्राणीसंग्रहालय नाही. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पुष्कळ आहेत, पण ती मोकळी. म्हणून संभाजीनगर गाठायचं. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायचे आणि पहाटेच्या गाडीत यांच्या शेजारी बसायचे. यांना वाटायचं, बाईला हौस आहे. खरं म्हणजे एकटे गेले की हे दिवसभर भज्यांवर राहायचे आणि नंतरची जळजळ मला निस्तरावी लागायची.

तरसाच्या पिंजऱ्यापुढं हे सकाळी उभे राहिले ते जेवणवेळेपर्यंत हलले नाहीत. तरस झोपलेलं. तिथला रखवालदार दोन-तीनदा चक्कर मारून गेला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "चाचा, इसको कुछ हुआ है क्या?" हे म्हणाले, "कुछ नहीं हुआ. भाव आने दो." रखवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी डबा उघडायला घेतला.

मगरीचंही तेच. ती दगडासारखी पडून. मी म्हणाले, "अहो, हिच्या तोंडावर सकाळपासून एकच भाव हाय." तर म्हणतात, "चिंतन करून राहिली." आमच्या एका केंद्रप्रमुखांचंही असंच चिंतन चालायचं, दुपारच्या जेवणानंतर. त्यांचा फोटो कोणी काढला नाही.

रोह्यापुढं तर माणसांची गर्दी. लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. आमच्याकडं ज्याला हाकलायला माणसं शेतात डबे वाजवत बसतात, तो इथं साहेबासारखा उभा होता. यांनी त्याचे इतके फोटो काढले की आमच्या लग्नातही तेवढे निघाले नसतील.

उन्हाळा लागता लागता माझ्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. मग दोघं मिळून नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, भूल द्यायची आणि पिशवी काढून टाकायची. साधं ते करणाऱ्याला. मला त्या भुलीचंच भेव. लहानपणी घरात ऐकलेलं, एक मावशी अशीच भूल घेऊन झोपली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी तारीख दिली, मी मुकाट्यानं घेतली.

येताना गाडीत हे सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लावू म्हणून राहिले गल्लीतले पोरं. अजून चार चांगले पायजेत. उद्या जाऊन येतो." मला असा संताप आला की तो कॅमेरा चुलीत घालावा, पण आमच्याकडं आता गॅस आहे.

तेव्हाच मी ठरवलं, आपण होऊन एक शब्द बोलायचं नाही. मला भेव वाटतंय, हे या माणसाला माझ्या तोंडावर दिसलं पाहिजे. तरसाचं दिसतं तर माझं का दिसू नये? मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. चहाचा कप हातात घेऊन न पिता बसून राहिले, तर यांनी विचारलं, "साखर कमी पडली का?" भाजीत मीठ घातलं नाही, तर उठून वरून घेतलं. एकदा खिडकीशी जाऊन चांगलं उदास तोंड करून बसले. हे समोर फोटो निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "जराशी बाजूला सरक, उजेड अडून राहिला."

त्या दिवसांत हे सारखे संभाजीनगरला पळायचे. आधी महिन्यातून एकदा जायचे, आता आठवड्याला. "तू नको येऊ, तुला तकलीफ होईल," एवढं म्हणायचे आणि निघायचे. शेवटच्या खेपेला मी हट्टानं गेले. पोटात टोचत होतं म्हणून बाकावर बाजूला बसले. हे एका म्हाताऱ्या वानरापुढं गुडघ्यावर बसून फोटो काढत होते. काळं तोंड, भोवती पांढरी दाढी, हात मांडीवर.

तोच फोटो सगळ्यांत मोठा करून, फ्रेम करून आणला आणि बैठकीत खुर्चीवर भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्या दारातच थबकल्या. डोक्यावर पदर घेतला, आत येऊन माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, कवा झालं? कळवलं बी न्हाई."

"काय झालं?"

"हे गेलेले. तुमच्या मालकाचे थोरले भाऊ ना? तोंडावळा बराबर तसाच हाय."

यात काकूंची काही चूक नाही. चष्मा घरी राहिलेला. आणि आमच्याकडं जिता माणूस रंगीत असतो, चौकातल्या बॅनरवर गॉगल लावून उभा असतो. काळा-पांढरा, फ्रेममधला, खुर्चीवर टेकवलेला म्हणजे तो गेलेलाच. मी वानर आहे म्हणून सांगितलं तेव्हा काकू विरजण न घेताच गेल्या. यांना सांगितलं तर हे खूश. म्हणाले, "म्हणजे भावना पोचली."

थोरल्या दिरांना हे कोणी सांगितलं नाही, आणि तेच बरं. पण मला त्या खुर्चीकडं बघवेना. उद्या माझं काही झालं तर तिथं काय टेकवणार? माझा एक धड फोटो नाही. शाळेतल्या सगळ्या ग्रुप फोटोंत माझे डोळे मिटलेले. मगरीचे उघडे आहेत.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी फोटोंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात माझं अक्षर चांगलं. सेनगावहून माझा धाकटा भाऊ मला भेटायला आला होता. त्याची तूर, सोयाबीन असते. हे एकेक फोटो उचलून नाव सांगायचे, मी स्केचपेननं लिहायचे. तरस, "एकाकी". मगर, "चिंतन". रोह्याचा फोटो वर धरून हे म्हणाले, "करुणा."

भाऊ पुढं वाकला. "दाजी, कशाची करुणा? ह्यो तुरीकडं बघून राहिला."

"तिथं तूर कुठली?"

"मनात हाय त्याच्या. मी ह्या तोंडाला रोज बघतो."

हे त्याच्याशी बोलेनात. भावानं डाळीची पिशवी ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, म्हणाला, "आक्का, काळजी करू नको," आणि जीप पकडायला गेला. धाकट्या भावाला दिसलं, यांना नाही, याचाही मला राग आला.

शेवटी राहिलं ते वानर. हे म्हणाले, "लिही, शांती."

मी पेन खाली ठेवलं. "ही शांती न्हाई. भीती हाय."

"तुला काय माहीत? मी समोर होतो."

"तुमी समोर होता म्हणूनच दिसलं न्हाई. तुमचा एक डोळा मिटलेला अन् एक कॅमेऱ्याला लावलेला. मी बाजूला बसून सगळं बघत होते. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं. तिथल्या माणसांनी एक छोटा रिकामा पिंजरा आणून दाराशी ठेवला होता. हे त्या पिंजऱ्याकडं बघून राहिलं. ते ओरडलं न्हाई, पळालं न्हाई. हात मांडीवर ठेवले अन् बसलं. भेव वाटलं की असंच होतं. तोंडावर काही दिसत न्हाई, माणूस नुसता गप्प होतो."

हे फोटोकडं बघत राहिले. मग मी कुठं बघतेय ते त्यांनी बघितलं. दाराशी नांदेडला न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती, दोन लुगडी, टॉवेल, रिपोर्ट. माझे हात मांडीवर होते. मला ते माहीत नव्हतं.

"तुला बी तसंच वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. आणि मग गप्प बसणार होते, पण सगळं बाहेर आलं. मावशीचं, भुलीचं, मिठाचं, खिडकीचं. "तुमाला तरसाचं दुःख दिसतं, माझं दिसत न्हाई. दवाखान्यातून आल्यापासून तुमी माझ्या तोंडाकडं बघितलं तरी का?"

"न्हाई बघितलं," हे म्हणाले आणि खाली फरशीवर बसले. "बघवत न्हाई. बघितलं की रडू येतं. म्हणून तर तिकडं पळत होतो. जनावराकडं कितीबी बघता येतं." मग म्हणाले, "जन्मभर मी हातात घेतलेल्या गाडीच्या इंजिनाला दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. अन् आता तुला कोणी दुसराच खोलणार, अन् मी बाहेर बाकड्यावर बसणार."

मी किती दिवस मनातल्या मनात या माणसाला शिव्या घालत होते. आणि हा माणूस माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला. मला त्यांची इतकी माया आली की मी उठून चहा ठेवला, आणि रागही तेवढाच आला, कारण आता यांना धीर द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. चिठ्ठीवर मी "भीती" लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या फोटोपुढं लोक जरा जास्त वेळ थांबत होते, आणि हे प्रत्येकाला सांगत होते की हे नाव आमच्या मॅडमनं ठेवलं.

ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा घरीच राहिला. स्ट्रेचरच्या दांडीला धरून हे माझ्यासोबत चालत होते. आता बघायला लागले तर नजर काढीनात. एका खांबाला धडकले, तरी बघतच होते. नर्स हसायला लागली आणि मला या वयात लाज वाटायला लागली. दाराशी त्यांना अडवलं तेव्हा म्हणाले, "भिऊ नको. मी हाय." आवाज असा की तो धीर मलाच त्यांना परत द्यावासा वाटला.

जाग आली तेव्हा आधी पंखा दिसला. घशाला कोरड पडलेली. मान वळवली, तर शेजारच्या कॉटवर आमचे हे. पायात बूट तसेच, हाताला सलाईन.

नर्स म्हणाली, "मावशी, तुम्हाला आत नेलं आणि काका बाहेर चक्कर येऊन पडले. तुमच्याआधी यांनाच तपासावं लागलं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळे गच्च मिटलेले, पापण्या थरथरत होत्या. झोपलेल्या माणसाचे डोळे असे नसतात. हे जागे होते आणि माझ्या कॉटकडं बघायला धजत नव्हते.

"अहो," मी म्हणाले, "उघडा डोळे. उठलेय मी."