कुत्र्याच्या जोडीचा बोकड

सहाव्या दिवशी कुत्र्याने पाणीही सोडलं. डॉक्टरांनी पुढच्या पायात तीनदा सुई घालून पाहिली, शीर सापडली नाही. मागच्या पायात एकदाची लागली. ते उठले, हात पुसले आणि मॅडमना म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत याने तोंडात काही घेतलं नाही, तर याला कायमचं झोपवायचं का ते ठरवा. उगाच हाल नकोत."

मॅडम आमचं प्राण्यांचं शेल्टर चालवतात. त्या आठवडाभर पुण्याला होत्या, आजच परतल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही बोकड दिलातच कसा?"

"देवीचा होता. मागायला आले, दिला."

"अहो, कापणार आहेत त्याला!"

"मग? देवीचा बोकड काय शाळेत घालतात?"

तोंडाने बोलले खरी, पण कुत्र्याकडे बघवत नव्हतं. बोकडाची दोरी मी माझ्या हाताने सोडून दिली होती. त्या दिवसापासून हा जेवला नव्हता.

मी त्या शेल्टरमध्ये स्वयंपाक करते. बेलापूरच्या डोंगराच्या कडेला पत्र्याच्या शेड आहेत, तिथे पन्नाससाठ कुत्री, मांजरं आणि एक आंधळं गाढव. रोज दोन मोठी पातेली भात शिजवायचा, त्यात कोंबडीच्या माना आणि हळद. आम्ही साताऱ्याकडचे. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, पोती उचलता उचलता संपला. माझं शिक्षण चौथी. मला प्राण्यांचं वेड असेल असं लोकांना वाटतं. अजिबात नाही. काम आहे म्हणून करते.

हा कुत्रा लॅब्रेडॉर. ऐरोलीच्या एका टॉवरमधून दिवाळीच्या सुमारास आला. नवराबायको परदेशी निघाले होते. बरोबर त्याची गादी, तीन खेळणी आणि एक छापील कागद. सकाळी काय खातो, दही किती वाजता, झोपताना पंखा कितीवर. बाई रडत होती. मी म्हटलं, "एवढं रडताय तर बरोबर न्या." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला टाकून चालले होते.

आमच्याकडे नियम असा की नवीन आलेलं जनावर पंधरा दिवस एकटं ठेवायचं. रोग पसरू नये म्हणून. नियम बरोबर असेल, पण हा आठ वर्षं माणसांच्या पलंगावर झोपलेला. एकट्या पिंजऱ्यात तो गेटकडे तोंड करून बसला आणि खाणं सोडलं. मी भात मऊ केला, अंडं फोडून घातलं, दह्यात कालवून दिला. आजारी नवऱ्याचे एवढे लाड मी केले नव्हते. रविवारी कॉलेजच्या मुली मदतीला येतात. त्या त्याच्यापुढे बसून गाणी म्हणायच्या, चमच्याने भरवायच्या आणि फोटो काढायच्या. तो मान फिरवायचा. भात उचलून मी गाढवाला घालायचे.

बोकड त्याच महिन्यातला. एक तरुण बाई रिक्षातून घेऊन आली, म्हणाली रस्त्यावर सापडला. काळा, कान लांब, गळ्यात घुंगरू आणि पाठीवर हळद. रस्त्यावरच्या बोकडाला हळद कोण लावतं? मी त्याच क्षणी ओळखलं की हा नवसाचा आहे आणि ही चोरून आणते आहे. पण मॅडमनी त्याला पोटाशी धरलं होतं. मग मी कशाला बोलू?

तो बोकड म्हणजे डोक्याला ताप. पिंजऱ्यांवर औषधांची कार्डं लावलेली असतात, ती त्याने खाल्ली. कोणाला कुठली गोळी ते दोन दिवस कोणाला कळेना. माझा पदर खाल्ला. कडी तोंडाने उचलायला शिकला. एकदा दुपारी बघते तर हा लॅब्रेडॉरच्या पिंजऱ्यात, आणि त्याचा दहीभात चापतोय. कुत्रा उभा राहिला. आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडातून आवाज निघाला, गुरगुरला. बोकडाने वर पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं.

बोकडाचं पोट फुगलं, त्यापायी डॉक्टरांची बोलणी मला. पण दुसऱ्या दिवशी ताट ठेवताना कुत्र्याने आधी बाहेर पाहिलं. बोकड येताना दिसला तसा हा भातावर पडला आणि चाटूनपुसून खाल्ला. मग मी रोज तसंच करायला लागले. कुत्र्याचं ताट ठेवायचं आणि बोकडाला आत हातभर दोरीवर बांधायचं, पुढ्यात गवताची पेंडी. पोचणार नाही, पण ताटावर डोळा राहील.

"मावशी, पंधरा दिवस झाले नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"पंधरा दिवस झाले की काय, हार घालू का फोटोला?"

पुढे बोकडाची दोरी सुटली आणि ते दोघं एकत्रच राहायला लागले. ती ऐरोलीची गादी बोकडाने कुरतडली, राहिलेल्या अर्ध्यावर दोघं पाठीला पाठ लावून झोपायचे. कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांत जायला लागला, गेटकडे बघायचा थांबला. मॅडमनी फळ्यावर या जोडीबद्दल काहीतरी इंग्रजी लिहून पाहुण्यांना ते समजावून सांगायला सुरुवात केली. मी म्हणते, त्याला कोणीतरी हक्काने त्रास देणारं हवं होतं. घरात तेच तर असतं.

चैत्रात, मॅडम पुण्याला गेल्या असताना, एक टेम्पो येऊन उभा राहिला. उतरली माझ्याच वयाची एक बाई, खाडीकाठच्या गावची, नाकात मोठी नथ, हातात मोबाइल. बरोबर दोन तगडे मुलगे.

"आमचा बोकर तुमच्याकरं हाय," ती म्हणाली. "माजे सुनेनी आनून दिला. घरात सांगतलान पलाला म्हनून. कालच कबूल झाली."

"तिने कशाला दिला?"

"बाटलीनी दूध पाजून वाढवलान ना. जीव अरकला. पन नवस तिचेच पोराचा हाय, बाय. तीन पोरी झाल्यावर नातू जाला. गावदेवीला बोललेली मी. उद्या पोराला काय जाला तं कोनाला विचारू, तुमाला?"

माझ्याही घरात नवस झाले आहेत, फेडले आहेत. देवाला बोललेलं अडवून ठेवायचं, हे मला जमणारं नाही. मी पिंजऱ्यात गेले, दोरी बांधली आणि तिच्या हातात दिली. कुत्रा टेम्पोच्या मागे गेटपर्यंत गेला आणि तिथे बसला. मला वाटलं, बसेल दोन तास, येईल.

आला नाही. उचलून आणावा लागला. दुसऱ्या दिवशी मुलींनी त्याच्याजवळ एक पिल्लू सोडलं, ते ताटात मुतलं. मॅडमनी पुण्याहून फोनवर सांगितलं म्हणून कोणाची तरी शेळी आणली, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. कुत्र्याला बोकड हवा होता, आणि तोही तो एकच. असले हट्ट माणसाने केले तर दोन थोबाडीत देता येतात.

डॉक्टरांनी मुदत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या गावाची जत्रा होती, बोकड तिथेच कापणार होते. मी सकाळी भात उतरवला, रिक्षा केली आणि एक कोहळा घेऊन गेले. आमच्याकडे बोकड द्यायचा नसेल तर कोहळा कापतात. मॅडम बरोबर येते म्हणत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही आलात तर भाषण कराल. तुम्ही कुत्र्यापाशी बसा."

देवळापुढे मांडव, बँडवाले, गर्दी. बोकड आंघोळ घालून, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. त्याची मालकीण मला बघून म्हणाली, "आल्या तं बरा जाला, जेवूनच जा."

मी कुत्र्याचं सांगितलं. कोहळा पुढे केला.

"कोहला आमचे देवीला चालत नाय," ती म्हणाली. "आनि कुत्र्यासाठी मी नातवाचा नवस मोरू? डोका फिरला का तुमचा?"

बोलणं खरंच होतं. शेजारी तिची सून पोराला कडेवर घेऊन उभी होती. रिक्षातून बोकड आणणारी तीच.

तिथली रीत आमच्यासारखीच. बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं की देवीने तो घेतला. झाडल्याशिवाय कापायचा नाही. गावाच्या भगताने, म्हणजे देवीचं बघणाऱ्या म्हाताऱ्याने, तांब्याभर पाणी ओतलं. सगळे हात जोडून उभे.

बोकड उभा राहिला आणि गळ्यातली माळ खायला लागला.

दुसरा तांब्या. काही नाही. तिसरा. पाणी पोटावरून ठिबकतंय आणि हा झेंडू चावतोय. मागून कोणी ओरडलं, "शॅम्पू आना रं!" लोक हसले. मालकिणीचा चेहरा पांढरा पडला.

आणि मला एकदम आठवलं. दर रविवारी त्या कॉलेजच्या मुली पाइप लावून सगळ्या जनावरांना आंघोळ घालतात. बोकडालाही. पाणी वाया घालवता म्हणून मी त्यांच्यावर किती खेकसले होते. पाच महिने पाइपाखाली उभा राहिलेला बोकड, त्याला तांब्याभर पाण्याचं काय?

बोलावं का? मी बोलले नाही. मला कोणी विचारलं नाही.

चौथ्या तांब्यालाही तो हलला नाही, तेव्हा तिचा थोरला मुलगा पुढे झाला. "कानात घाला पानी, आत्ता झारतो बघा."

तेव्हा मात्र मी ओरडले. "कानात पाणी घातलं तर तूही डोकं हलवशील! मग देवीला विचारायचं नाटक कशाला?"

"ए आजी, तुमी मधी बोलू नका."

"का बोलू नको? नवस तुमच्या आईने बोललाय, की तू?"

भगताने हात वर केला. तो त्या मुलाला म्हणाला, "कानात घालाचा नाय. देवी मानूस नाय फसवून घ्यायला." मग मालकिणीला म्हणाला, "वयनी, हा तिला नको हाय. दुसरा आन."

ती रडायला लागली. पोराचं काही वाईट होईल का, एवढंच विचारत राहिली. भगताने पोराच्या कपाळाला अंगारा लावला आणि सांगितलं की नवस बोकडाचा आहे, ह्याच बोकडाचा नाही. धाकटा मुलगा गाडी काढून गेला आणि तासाभरात दुसरा बोकड घेऊन आला. पहिल्याच तांब्याला त्याने अंग झाडलं.

जेवायला मी थांबले नाही. देवीने नाकारलेला बोकड मालकिणीला घरात नको होता, घेऊन जा म्हणाली. सुनेने पोर सासूकडे दिलं, दोरी सोडली आणि बोकड माझ्याबरोबर टेम्पोत चढवला. निघताना एक डबा माझ्या हातात कोंबला. त्यात भाकरी होत्या.

शेल्टरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मॅडम कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोकड आत गेला, त्याने कुत्र्याला हुंगलं, मग सलाइनची नळी हुंगली आणि चावायला लागला. डॉक्टर शिव्या देत धावले. कुत्र्याने डोळे उघडले, एवढंच. उठला वगैरे नाही. खाल्लंही नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, उशीर झालाय बहुतेक."

"संध्याकाळ कुठे झालीय?"

मी पातळ भात केला आणि ताट मधोमध ठेवलं. बोकड खायला लागला. आज त्याला बांधलं नव्हतं, फुगू दे पोट. भात अर्धा संपला, पाऊण संपला. मी मनात बोकडाला शिव्या घालत होते. मग कुत्र्याने मान पुढे टाकली आणि ताटाची कड चाटली. दोन घास भात उरला होता, तो त्याने खाल्ला. डॉक्टरांनी झोपवायच्या इंजेक्शनची पिशवी बंद केली आणि सांगितलं, उद्या बघू.

उभा राहायला त्याला नऊ दिवस लागले. मूत्रपिंडाचं दुखणं मागे लागलं, त्याची गोळी रोज मी भाकरीत दडवून देते आणि तो ती थुंकतो. बोकड अजून कार्डं खातो. कुत्रा जगला, बोकडही जगला. दोघं एकाच पिंजऱ्यात आहेत.