नववा खंड

युसूफ वडगावात भांड्यांचं दुकान एकच नाही. पण लग्नाचा संसार सेट घ्यायचा म्हटलं की लोक पंचाक्षरी आप्पांकडेच येतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, हातात नाव टाकायचं मशीन. पातेल्यावर नवरीचं नाव कोरताना आप्पा श्वास धरतात. शेवटचं अक्षर झालं की सोडतात.

त्या दुपारी रवि दुकानात बसला होता. मुंजाजी नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं.

"आप्पा, हा झारा काढा. किसणी बी काढा. बदल्यात मोठी घागर द्या."

"सेट मोडत न्हाई."

"आवो, पोरगी पुण्याला चाललीय. झारा कोन वापरतंय तिथं?"

"नको वापरू दे. भिंतीला टांगंल. झाऱ्याबिगर संसार हाय का बे? बुंदी काय चमच्यानं पाडती?"

मुंजाजी हसला आणि झाऱ्यासकट अख्खा सेट घेऊन गेला.

'सेट मोडत न्हाई' हे रविनं कितीदा तरी ऐकलं होतं. ते नुसतं भांड्यांपुरतं नाही, हेही त्याला ठाऊक होतं. कारण दुकानामागच्या खोलीत आप्पांची लायब्ररी होती.

सात लेखक. सातांचं समग्र वाङ्मय. भांड्यांच्या लोखंडी मांडण्या होत्या, त्यांवरच पुस्तकं. एका लेखकाला एक मांडणी. आप्पा स्वतः सातवी शिकलेले. भांडी गुंडाळायला आणलेल्या रद्दीत त्यांना एकदा एक जाड पुस्तक सापडलं. वर छापलं होतं, खंड तिसरा. "म्हंजे पहिला, दुसरा कुठंतरी असनारच की," आप्पा सांगतात. "मानसाला अर्ध्यात भेटून काय कळतंय?" मग भांडी आणायला लातूरला जावं, पुण्याला जावं, आणि येताना पातेल्यात एखादा खंड घालून आणावा. एका पत्रसंग्रहासाठी तर ते गेवराईला तीनदा गेले. पत्रं तरी कसली? बहुतेक घरमालकाशी भांडणाची.

रवि बी.ए.ला असताना पहिल्यांदा त्या खोलीत शिरला. त्याला एका लेखकाचा चौथा खंड हवा होता. सगळे त्यालाच नावाजत.

"आधी पहिला घिऊन जा," आप्पा म्हणाले.

"पहिला कच्चा आहे म्हणतात, आप्पा."

"म्हनून तर."

त्याला सहा वर्षं झाली. रवि मराठीत एम.ए. झाला. आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. आणि आप्पांचा मुलगा बसवेश दुकान वाढवतोय. लगीनसराईच्या मालाला जागा पुरेना. मागची खोली त्याला गोदामाला हवी. त्याचं चुकत नव्हतं. आप्पाही तसंच म्हणाले. फक्त दोन दिवस जेवले नाहीत नीट.

रविनंच मग कॉलेजात शब्द टाकला. ग्रंथपाल तयार झाले. एक कपाट देऊ, आप्पांच्या नावाची पाटी लावू. "पण सगळं नको. चांगलं तेवढं तुम्हीच निवडा, सर." 'सर' ऐकून रवि सुखावला. आप्पांना त्यानं फक्त यादी करायला आलोय म्हणून सांगितलं, आणि पेन्सिल घेऊन खोलीत बसला. भाषणं, फुली. अपुरी नाटकं, फुली. घरमालकाची पत्रं, फुली. कपाट एक आणि पुस्तकं शंभरावर. काहीतरी गळणारच.

चौथ्या मांडणीवर तो अडखळला.

हा तोच चौथ्या खंडाचा लेखक, रविच्या अभ्यासाचा. याच्यावरच त्यानं एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. याचे खंड आठ. सगळ्या महाराष्ट्रात आठ. इथं नऊ होते.

नववा बाकीच्यांसारखाच मरून रंगाच्या कापडात बांधलेला. पाठीवर पितळेची पट्टी. पट्टीवर मशीननं कोरलेलं, खंड ९. रविनं तो उघडला. आत छापील पान नव्हतंच. रेघांचा कागद आणि आप्पांचं तिरपं अक्षर. पहिल्यापासून शेवटापर्यंत.

ही त्या लेखकाची पहिली कादंबरी होती. त्यानं स्वतःच ती नाकारली, समग्रमध्ये घेऊ दिली नाही, एवढंच रविनं प्रबंधात लिहिलं होतं. ती कुठंच मिळत नाही, असंही लिहिलं होतं. आणि ती इथं होती. पातेल्यांच्या पलीकडे.

तो तिथंच जमिनीवर बसून साठ पानं वाचत गेला. मग बाहेर आला.

"आप्पा, ही कुठं मिळाली?"

"कडा गावाला. एक रिटायर गुरुजी होते. इकत देईनात. संक्रांतीला न्हे म्हनले, दिवाळीला परत आन."

"मग झेरॉक्स?"

"पान दाबलं की भुगा व्हायचा. गुरुजीनं शपथ घातलती."

रवि जरा घुटमळला. "आप्पा, ही वाईट आहे."

"हाय की. लई वाईट हाय. मला कळत न्हाई का?"

"लेखकानंच काढून टाकली ना ती."

"त्येनं काढली. मी न्हाई काढली." आप्पांनी मशीन खाली ठेवलं. "चौथ्या खंडातली ती विहिरीवरची बाई. तू पोरांना शिकवतोस ती. ती हितंच हाय बघ. पर नुसती रडायलीय. त्येला ती कळलीच नव्हती अजून."

त्या बाईवर रविनं दोन वर्षं तास घेतले होते. ती पुरात सगळं गमावते आणि रडत नाही, हे तो पोरांना रंगवून सांगायचा. ती आधी कुठं रडून आली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आप्पांच्या पत्नी, गंगासागरकाकू, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

"वाईट तर वाईट. मी वाचली अन् ह्यांनी लिवली," त्या म्हणाल्या. "मी दुसरी शिकलेली. तेबी इसरून गेलते. सोमवारी पूजा झाली की बसायचो. आधी ह्यांचा हात थांबायचा माझ्यासाठी. एक एक अक्षर लावायची मी. दिवाळी आली तवा मीच थांबायची ह्यांच्यासाठी."

त्या आत गेल्या. रविनं यादी उघडली आणि रबरानं फुल्या खोडायला लागला. कागद मळला, दोन ठिकाणी फाटला. तोच तसा कागद त्यानं ग्रंथपालांपुढे ठेवला. सगळं घ्या, नाहीतर काहीच नको. 'सर' हा शब्द त्या दिवशी ऐकू आला नाही. पण आठ दिवसांनी दुसरं कपाट रिकामं झालं.

टेम्पो आला. कुकरच्या खोक्यांत पुस्तकं भरली. सहा मांडण्या उघड्या झाल्या. चौथीवरचे आठ खंड खोक्यात गेले. नववा काकूंच्या मांडीवर होता.

"हा न्हाई द्यायची मी."

"आई, खोली मोकळी करायलोत ना?" बसवेश म्हणाला.

"मी खोली मागितली का? पुस्तक मागितलं."

"काकू, सेट मोडेल की," रविच्या तोंडून गेलं.

"मोडू दे. सेट ह्यांचा. पुस्तक माझं हाय."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. उभ्या जन्मात ज्या माणसानं सेटमधला झारा काढून दिला नाही, तो काय म्हणणार? आप्पांनी श्वास धरला होता. नाव कोरताना धरतात तसाच. मग सोडला.

"बराबर हाय तिचं," ते म्हणाले. "बसवेश, ते आठ खंडांचं खोकं खाली घे. ते मागून जाईल."

टेम्पो गेला. आप्पांनी गल्ल्याखालून एक कोरं रजिस्टर काढलं आणि रविच्या हातात दिलं.

"सोमवारी ये. काकू वाचंल, तू लिव्ह."

"मी?"

"मंग? एम्ये झालास ना? अक्षर तरी बरं असंल."

सोमवारी पूजा झाली. काकूंनी चष्मा लावला, मांडीवर खंड उघडला आणि वाचलं, "तांबडं फुटलं आणि तिच्या नेत्रांतून अश्रूंचा पूर लोटला."

रविचा पेन थांबला.

"काकू, पूर जरा जास्तच होतोय. धार लिहू का?"

"जसं हाय तसं लिव्ह," दुकानातून आप्पांचा आवाज आला.

काकू बोट ओळीवर ठेवून त्याच्यासाठी थांबल्या होत्या. रविनं 'पूर' लिहिलं.