घरी आणलेला भारा

सुखीबाई आत्रामला पांढरकवड्याच्या बाजारात नावानं कमी आणि ‘भारेचोराची पोर’ म्हणून जास्त लोक ओळखत. सत्तरी उलटली, दात गेले, पण ते नाव काही गेलं नाही.

चोरी तिच्या बापाची, भीमाची. सन तीस साली तिकडं समुद्रकाठी लोक मीठ उचलून जेलात जात होते. यवतमाळात कुठला आला समुद्र? इथं सरकारी जंगलातलं गवत कापायचं ठरलं. शहरातले एक मोठे वकील आले, कोऱ्या विळ्यानं मूठभर गवत कापलं, जयजयकार केला आणि बेड्यांसाठी हात पुढं केले. भीमाही त्याच जमावात होता. पण मुठीवर थांबायचं असतं, हे कोलामाच्या पोराला कोण सांगणार? विळा हाती आला की भारा बांधायचा, एवढंच त्याला ठाऊक. भारा डोक्यावर घेऊन तो पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, आला, बैलांपुढं टाकला आणि तिथंच धरला गेला. वकील राजबंदी झाले, भीमा चोर.

सुटून आला तर पोडाचंही दार बंद. जेलातलं खाल्लेला माणूस चावडीत चालेना. सणाला चावडीत पूर्वजांची नावं घेतात, त्यात मेल्यावरही त्याचं नाव आलं नाही. बाप बाहेर म्हणून लेकही बाहेर. सुखीला कुणी सून म्हणून नेलं नाही.

स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा सत्याग्रहींच्या नावांचा दगड बसवायचं निघालं. पोडाचा नाईक मारोतराव म्हणाला, “सुखे, दगडावर नाव चढलं त चावडीतही घेऊ. मंग कोन चोर म्हनते तुह्या बापाले?”

दगड बसवणाऱ्या समितीचे किसनराव, त्या वकिलांचेच नातू, मोटारसायकलवर पोडावर आले. माणूस वाईट नव्हता.

“मावशी, शिक्षा चोरीची आहे, तिथं घोडं अडलं. तुम्ही फक्त एवढं सांगा, भारा त्यांनी जंगलातच टाकून दिला होता. बाकी मी पाहून घेतो.”

“टाकून कायले देईन? बैलं उपाशी होते न.”

“अहो, बैलांचं कोण विचारते आता!”

मारोतराव खेकसला, “हो म्हन न बाई! मेलेला मानूस काय उठून बोलून राह्यला?”

सुखीबाईनं तंबाखू मळून गालात धरली.

“कोर्टात साहेबानं बापाले इचारलं, गवताचा भारा कोनाचा? बाप म्हने, आमचा, म्हून घरी नेला. आता टाकून देल्ला म्हनू त जंगल सरकारचं होते, भाऊ. मंग तो जेलात कायले गेलता?” तिनं किसनरावांकडं पाहिलं. “तुमच्या आज्यानं त्या मुठीचं काय केलं?”

किसनरावांना घरात ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी गाडीला किक मारली.

दगड बसला. वकिलांचं नाव वर, खाली शहरातली आणखी काही; भीमाचं नव्हतं. पुढच्या सणाला मारोतरावानं चावडीत एकेक नाव घेतलं, कुठंही न अडखळता. सुखीबाई कुडाबाहेर उभी राहून शेवटच्या नावापर्यंत ऐकत होती. मग आत पत्रावळी मांडल्या गेल्या. तिला कुणी हाक मारली नाही.